विश्लेषण : मिरचीचे बी समुद्र ओलांडू शकते का? डार्विन यांना हा प्रश्न का पडला?

चार्ल्स डार्विन म्हटले की माकड आणि माणूस आठवतात, फार तर गालापागोस बेटांवरचे पक्षी. मात्र उत्क्रांतीचा सिद्धान्त पुस्तकरूपात येण्याच्या चार वर्षे आधी हे गृहस्थ घरात खाऱ्या पाण्याच्या बाटल्यांत भाज्यांच्या बिया भिजत घालत होते. हा विरंगुळा नव्हता. त्या बिया रुजल्या नसत्या, तर त्यांच्या सिद्धान्तातला मोठा दुवा निखळला असता.

अडचण नेमकी काय होती?

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधील श्रूजबरीचा. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले आणि १८३१ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून ते पाच वर्षांच्या प्रवासाला निघाले. या प्रवासात, १८३५ मध्ये, गालापागोस बेटांवर त्यांनी वनस्पतीही गोळा केल्या. त्यांचा अभ्यास पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांनी केला. त्यातल्या अनेक जाती जगात इतरत्र नव्हत्या, काही तर एकाच बेटावर होत्या. तरीही त्यांचे नाते दक्षिण अमेरिकेतल्या वनस्पतींशी जुळत होते.

ही बेटे ज्वालामुखीतून वर आलेली, म्हणजे मुळात उघडाबोडका खडक. मग झाडे आली कुठून? ती तिथेच निर्माण केली गेली, असा तेव्हाचा सर्वसाधारण समज होता. एडवर्ड फोर्ब्ससारखे अभ्यासक बेटांवरील सजीवांसाठी समुद्रात बुडालेल्या भूभागांचा आधार घेत. हूकर यांचाही कल तिकडे होता. डार्विन यांना हे पटेना. प्रत्येक बेटासाठी एक खंड बुडवायचा, ही सोयीची पळवाट झाली. पण जात एकाच ठिकाणी जन्मते आणि तिथून पसरते असे म्हणायचे, तर बियांनी समुद्र ओलांडायला हवा. बी खाऱ्या पाण्यात किती दिवस तग धरते, याची मात्र कोणाला धड माहिती नव्हती.

बाटल्यांमध्ये काय घडले?

१८५५ मध्ये केंट परगण्यातील डाऊन गावच्या घरी प्रयोग सुरू झाला. पहिल्या खेपेला हळीव, मुळा, कोबी, लेट्यूस, गाजर, सेलरी आणि कांद्याच्या बिया होत्या. आठवडाभर बुडवूनही त्या रुजल्या. वडील हूकरकाकांना हरवणार का, याची घरातल्या मुलांनाही उत्सुकता होती. काही बाटल्यांतले पाणी सडून असह्य घाण मारू लागले, तरी मुळ्याने दाद दिली नाही. पुढे ८७ प्रकारच्या बिया तपासल्या गेल्या. त्यातल्या ६४ प्रकारच्या बिया २८ दिवसांनंतरही रुजल्या. सर्वांत चिवट निघाली मिरची. १३७ दिवस पाण्यात राहून ५६ पैकी ३० बिया उगवल्या.

आणि इथेच घोडे अडले. बहुतेक बिया जिवंत राहिल्या खऱ्या, पण तरंगत नव्हत्या. समुद्राच्या तळाशी गेलेले बी जिवंत असून उपयोग काय? सगळी मेहनत वाया गेली, असे डार्विन यांना वाटू लागले. पण पुराच्या पाण्यात निव्वळ बी वाहून जात नाही, फळांसकट वाळलेल्या फांद्याही जातात. मग त्यांनी ९४ वनस्पती वाळवून पाण्यात सोडल्या. ताजे हेझलनट लगेच बुडाले, पण वाळवलेले ९० दिवस तरंगले आणि नंतर रुजलेही. शतावरीच्या कुळातले अ‍ॅस्परॅगस ताजे २३ दिवस, तर वाळलेले ८५ दिवस तरंगले. अटलांटिकमधील प्रवाहाचा सरासरी वेग दिवसाला ३३ मैल धरून त्यांनी हिशेब मांडला. शंभरातल्या साधारण १४ वनस्पतींच्या बिया ९२४ मैल, म्हणजे जवळपास १५०० किलोमीटर जाऊन रुजू शकतील. गणित ढोबळ होते, पण प्रश्नाला पहिल्यांदाच आकडा मिळाला.

पक्ष्यांची मदत किती?

समुद्र हा एकच रस्ता नव्हता. डार्विन यांनी एका तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल घरी आणून सहा महिने झाकून ठेवला आणि उगवलेले प्रत्येक रोप उपटून मोजले. एका कपात मावेल एवढ्या चिखलातून ५३७ रोपे निघाली! पाणपक्षी तर असाच चिखल पायांना लावून उडतात. एका तित्तिराच्या पायाला चिकटलेला मातीचा गोळा तीन वर्षे पडून होता. त्यातून ८२ रोपे आली. लहानग्या फ्रान्सिसने सुचवलेली कल्पनाही त्यांनी उडवून लावली नाही. मेलेले कबूतर ३० दिवस खाऱ्या पाण्यावर तरंगत ठेवले. त्याच्या गळ्यातल्या पिशवीतील जवळपास सर्व बिया उगवल्या.

यातून नव्या जाती कशा?

बेटावर पोहोचणाऱ्या बिया मोजक्याच असतात. मूळ जातीशी त्यांचा संबंध तुटतो, शेजारी वेगळे मिळतात आणि पिढ्यान्‌पिढ्या बदल साठत जातो. उंच झाडे नसलेल्या बेटावर एखादे झुडूपवजा रोप उंच वाढू लागते. १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये सजीवांच्या भौगोलिक प्रसारावर दोन प्रकरणे आहेत. त्यातला एक पुरावा भन्नाट आहे. आपल्याकडे आघाड्याचे बी कपड्यांना चिकटते, तशा आकडेवाल्या बिया काही बेटांवरच्या खास वनस्पतींनाही असतात. पण तिथे केसाळ सस्तन प्राणीच नाहीत. मग आकडे कशाला? डार्विन यांच्या मते, हा मुख्य भूमीवरच्या पूर्वजांचा उरलेला वारसा.

हा विषय त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. गोड्या पाण्यातले जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात कसे जातात, याचे कोडेही त्याच जातीचे. वॉल्टर क्रिक या हौशी अभ्यासकाने त्यांना पायाला चिमुकला शिंपला चिकटलेला पाणभुंगा पाठवला. त्यावरचा डार्विन यांचा लेख ‘नेचर’मध्ये ६ एप्रिल १८८२ रोजी आला आणि १९ एप्रिलला त्यांचे निधन झाले. या क्रिक यांचा नातू म्हणजे १९५३ मध्ये जेम्स वॉटसन यांच्यासोबत डीएनएची रचना मांडणारे फ्रान्सिस क्रिक.