ठिणगीची वेळ साधणारा कारागीर

भिवंडीच्या यंत्रमाग कारखान्यात जॉबरचे जे मोल असते, ते कारखान्याच्या हिशेबवहीत कोठेच दिसत नाही. ताणा उघडण्याची आणि धोटा सुटण्याची वेळ किंचित चुकली, तर धोटा मध्येच अडकतो आणि धागे तुटतात. ही वेळ कानाने व हाताने साधणारा माणूस बहुधा प्रमाणपत्रावाचूनच शिकलेला असतो. अशाच एका माणसाच्या कसबावर मानवाचे पहिले यांत्रिक उड्डाण उभे होते. त्याचे नाव चार्ल्स एडवर्ड टेलर.

विमानाच्या शोधाचा वाद महाराष्ट्राला नवा नाही. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडविले असे सांगितले जाते. त्याला समकालीन भक्कम पुरावा मात्र मिळालेला नाही. अशा वादांत मान कोणाचा, एवढेच विचारले जाते. यंत्र कोणी घडविले आणि त्याचे वजन व शक्ती किती होती, हे प्रश्न बाजूलाच राहतात. राइट बंधूंच्या बाबतीतही जगाने याहून वेगळे काही केले नाही.

टेलर यांचा जन्म २४ मे १८६८ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि वृत्तपत्राच्या कचेरीत हरकाम्या म्हणून नोकरी सुरू झाली. पुढे यंत्रकामाची गोडी लागली. १९०१ साली डेटन गावात विल्बर व ऑर्व्हिल राइट यांच्या सायकलीच्या दुकानात ते आठवड्याला १८ डॉलर पगारावर रुजू झाले. तासाला ३० सेंट हा दर त्या काळी चांगलाच म्हटला पाहिजे. मालक किटी हॉकला प्रयोगासाठी गेले की दुकान टेलरच सांभाळीत.

१९०२ च्या अखेरीस राइट बंधूंना हलके इंजिन हवे होते. अनेक कारखान्यांना पत्रे गेली. कामाचे इंजिन कोणाकडूनच मिळाले नाही. तेव्हा हे काम टेलर यांच्याकडे आले. पेट्रोल इंजिनाचा त्यांचा अनुभव म्हणजे एकदा एक मोटार दुरुस्त करण्याची केलेली खटपट, एवढाच. लेथ, ड्रिल आणि हातातली साधी हत्यारे घेऊन त्यांनी सहा आठवड्यांत चार सिलिंडरचे इंजिन उभे केले. क्रँकशाफ्टसाठी त्यांनी पोलादाच्या जाड पाटावर आकृती आखली, तिच्या कडेने भोके पाडली, नको तो भाग ठोकून काढला आणि उरलेला लेथवर घडविला. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी चालू असतानाच बेअरिंगे अडकून अॅल्युमिनियमचे कवच फुटले. नवे कवच ओतून घेऊन टेलर पुन्हा कामाला लागले. तयार झालेले इंजिन सुमारे १२ अश्वशक्ती देत होते.

या इंजिनाचा प्राण ठिणगीच्या वेळेत होता. पेट्रोलचे मिश्रण पेटल्यावर ते पुरते जळायला क्षणभर लागतो. म्हणून दट्ट्या वर पोहोचण्याच्या किंचित आधी ठिणगी पडावी लागते. ती फार आधी पडली तर दट्ट्याला उलटा तडाखा बसतो. उशिरा पडली तर शक्ती वाया जाते आणि इंजिन तापते. टेलर यांच्या इंजिनात स्पार्क प्लग नव्हते. सिलिंडरच्या आतील दोन टोके एकमेकांपासून दूर होताना ठिणगी उडे. वेग कमीजास्त करण्यासाठी आजच्यासारखा थ्रॉटलही नव्हता. ठिणगीची वेळ मागेपुढे करूनच तो बदलावा लागे.

आज घरी विमान बांधणारे हौशी लोक मोटारीचे रोटरी इंजिन खोलून, नव्याने जुळवून विमानाला बसवितात, तेव्हा त्यांच्यापुढेही हाच प्रश्न येतो. त्यातील ज्वलनकक्ष लांबट व अरुंद असल्याने दोन प्लग लावतात, आणि दुसरा पहिल्याच्या किंचित मागून पेटवितात. वेळ फार आधीची ठेवली, तर धडाक्याने रोटरच्या टोकांवरील सील फुटतात. विमानाचे इंजिन दीर्घकाळ मोठ्या जोरावर चालत असल्याने तेथे ही चूक अधिक महाग पडते.

१७ डिसेंबर १९०३ रोजी विमान पहिल्यांदा १२ सेकंद उडाले, तेव्हा टेलर डेटनलाच होते. १९०८ साली फोर्ट मायर येथे विमान कोसळले, तेव्हा ते तेथे हजर होते. १९११ साली कॅलब्रेथ रॉजर्स यांनी अमेरिका ओलांडली. त्या प्रवासात त्यांचे विमान वारंवार मोडले आणि टेलर यांनी ते दुरुस्त केले. पुढे ते कॅलिफोर्नियात गेले, जमिनीच्या व्यवहारात पैसा बुडाला, आणि १९३७ च्या सुमारास ते एका विमान कारखान्यात तासाला ३७ सेंटवर काम करताना आढळले. मधल्या ३६ वर्षांतील महागाई धरली, तर ही मजुरी सायकलीच्या दुकानातल्या मजुरीहून कमीच ठरते. हेन्री फोर्ड यांनी राइट बंधूंचे दुकान पुन्हा उभे करण्याच्या कामी त्यांना बोलाविले, तेव्हा कोठे जगाला त्यांची आठवण झाली.

राइट बंधू कृतघ्न होते असे मुळीच नाही. १९४८ साली निवर्तलेल्या ऑर्व्हिल यांनी टेलर यांच्यासाठी वर्षाला ८०० डॉलरची तरतूद करून ठेवली होती. परंतु ठरावीक रकमेला महागाईची वाळवी लागते. १९५५ साली टेलर लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात धर्मादाय खाटेवर सापडले. मग विमान उद्योगाने पैसे जमवून त्यांची सोय केली. ३० जानेवारी १९५६ रोजी ते वारले. आज अमेरिकेत पन्नास वर्षे सेवा केलेल्या विमान तंत्रज्ञांना त्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो.

टेलर यांच्या म्हातारपणाची जी काही सोय झाली, ती इतरांच्या सद्भावनेतून झाली, हक्काने नव्हे. भिवंडीतील जॉबरचे भवितव्यही असेच मालकाच्या सद्भावनेवर सोडायचे, की त्याचे नाव हजेरीपटावर आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात नोंदवायचे? पुरस्कार नंतरही देता येतो. खाते मात्र माणूस हयात असतानाच उघडावे लागते.