गहुलीचा तांडा ते सचिवालय

बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडणाऱ्या बंजारा समाजाचा पिढीजात व्यापार रेल्वे आल्यावर बुडाला. तांडे शेतीच्या आधाराने स्थिरावू लागले. पुसद तालुक्यातील गहुली हा त्यांपैकीच एक. तेथील नायक फुलसिंग यांच्या घरी १ जुलै १९१३ रोजी जन्मलेला हाजूसिंग पुढे वसंतराव नाईक या नावाने महाराष्ट्राचा मुख्यमंत्री झाला.

तांड्यावर शाळेची सोय नव्हती. पोहरादूळ, उमरी, बान्सी अशी गावे बदलत त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. पुढे नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमधून मॅट्रिक आणि मॉरिस महाविद्यालयातून पदवी त्यांनी मिळविली. १९४० मध्ये ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले.

नागपूरच्या या वास्तव्यातच वत्सला घाटे यांच्याशी परिचय झाला. त्या ब्राह्मण कुटुंबातील. १९४१ मध्ये दोघांनी विवाह केला तेव्हा विरोध दोन्ही बाजूंनी झाला. पांढरपेशा घराला तांड्यावरचा जावई मान्य नव्हता आणि जातपंचायतीचा धाक असलेल्या तांड्यालाही ही सून रुचली नाही. ज्या समाजाचे नायकपद घरात, त्याचाच रोष पत्करणे सोपे नव्हते. वसंतराव मात्र मागे हटले नाहीत.

अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या हाताखाली उमेदवारी केल्यानंतर त्यांनी पुसदला वकिली थाटली. शेतकऱ्यांच्या जमिनी आणि कर्जे यांची गुंतागुंत त्यांना जवळून दिसली ती येथेच. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले.

१९५२ मध्ये ते पुसदमधून मध्य प्रदेश विधानसभेवर निवडून गेले. त्या वेळी राजधानी नागपूर होती. रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात त्यांच्याकडे महसूल खात्याचे उपमंत्रिपद आले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि तेथे त्यांनी सहकार व कृषी ही खाती सांभाळली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन होताच ते महसूलमंत्री झाले. आठ वर्षांत तीन राज्ये बदलली, मतदारसंघ मात्र पुसदच राहिला.

त्यांच्या या काळातील सर्वांत टिकाऊ काम बहुधा पंचायत राज्याचे. १९६० मध्ये नेमलेल्या लोकशाही विकेंद्रीकरण समितीचे ते अध्यक्ष होते. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवर भर दिला होता. नाईक समितीने जिल्हा परिषद बलवान करण्याचा आग्रह धरला. आमदार-खासदारांना तिच्या कारभारापासून दूर ठेवण्याची शिफारसही तिने केली. एका मंत्र्याच्या समितीने हे सुचवावे, हे विशेषच. १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

२४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार यांचे निधन झाले. काही दिवस बाळासाहेब सावंत यांनी कारभार पाहिला आणि ५ डिसेंबर रोजी वसंतरावांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. तेव्हा त्यांचे वय ५० होते. फेब्रुवारी १९७५ पर्यंत, सलग ११ वर्षांहून अधिक काळ, ते त्या पदावर राहिले.