दृष्टिदाते हॅरॉल्ड रिडले

मनुष्याच्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. बहुधा उतारवयात ते गढूळ होते. त्यालाच मोतीबिंदू म्हणतात. पूर्वी शस्त्रवैद्य हे गढूळ भिंग काढून टाकीत. परंतु त्याच्या जागी काहीच बसवीत नसत. रुग्णाला मग जन्मभर जाडजूड चष्मा लावावा लागे आणि त्यातून वस्तू अवाजवी मोठ्या दिसत. ही उणीव भरून काढणारे नेत्रवैद्य म्हणजे हॅरॉल्ड रिडले.

त्यांचा जन्म १० जुलै १९०६ रोजी इंग्लंडमधील लेस्टरशर परगण्यात झाला. वडील नेत्रवैद्य होते. पुत्रानेही तोच मार्ग पत्करला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांची पारदर्शक छते गोळ्यांनी फुटत आणि त्यांचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत शिरत. ही छते पर्स्पेक्स नावाच्या प्लास्टिकची होती. हे कण डोळ्यात राहिले, तरी डोळा त्यांना निमूटपणे सामावून घेतो, हे रिडले यांच्या ध्यानी आले. पुढे एकदा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवीत नाहीत? त्या प्रश्नाने त्यांच्या विचारांना चालना मिळाली.

लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी एका स्त्रीच्या डोळ्यावर शस्त्रक्रिया केली आणि ८ फेब्रुवारी १९५० रोजी कृत्रिम भिंग तेथे कायमचे बसविले. भिंगाच्या शक्तीचे गणित मात्र चुकले आणि तिला दूरचे अस्पष्ट दिसू लागले. रिडले खचले नाहीत. पुढच्या भिंगांत त्यांनी ती चूक सुधारली.

१९५१ साली त्यांनी आपले काम नेत्रवैद्यांपुढे मांडले. डोळ्यातून परकी वस्तू काढावी, घालू नये, असे मानणाऱ्या अनेक मान्यवरांनी त्यांना कडाडून विरोध केला. त्यांचे भय अगदीच निराधार नव्हते. पहिली भिंगे जड होती. काही जागेवरून सरकली, तर काही काढून टाकावी लागली. परंतु काही रुग्णांच्या डोळ्यांत तीच भिंगे अनेक वर्षे सुखरूप राहिली आणि रिडले यांची मूळ कल्पना खरी ठरली.

पुढे हलकी व अधिक स्थिर भिंगे निघाली. आता बसविलेले भिंग बहुधा आयुष्यभर टिकते. कधी कधी काही वर्षांनी त्याच्या मागील नाजूक पडदा गढूळ होतो. पण लेसर किरणांनी त्यात वाट मोकळी करता येते, भिंग बदलावे लागत नाही.

रिडले १९७१ साली रुग्णालयातून निवृत्त झाले. पुढे मोतीबिंदूने त्यांनाही गाठले. तेव्हा त्याच सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या डोळ्यांत कृत्रिम भिंगे बसविण्यात आली. १९८६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि २००० मध्ये ‘सर’ हा किताब त्यांना लाभला. २५ मे २००१ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर एकेकाळी उपहासाचा विषय झालेल्या त्या इवल्याशा भिंगाने जगातील कोट्यवधी लोकांची दृष्टी उजळली होती.