डार्विनचे चार तास

मागच्या शनिवारी मुलाला घेऊन डाऊन हाऊस पाहायला गेलो. लंडनच्या दक्षिणेला, ब्रॉम्लीच्या पुढे डाऊन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या या घरात चार्ल्स डार्विन १८४२ पासून अखेरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं राहिला. सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर होतं, त्यामुळे माझा लॅपटॉपही बरोबर होता.

डार्विनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, श्रूजबरीचा. वडील डॉक्टर, घरची स्थिती उत्तम. मुलानेही डॉक्टर व्हावं म्हणून त्याला एडिनबरोला धाडलं. पण भूल न देता होणाऱ्या त्या काळच्या शस्त्रक्रिया त्याला बघवेनात, म्हणून ते शिक्षण सुटलं. मग पाद्री होण्यासाठी केंब्रिज. तिथे त्याने किडे मात्र भरपूर जमवले! बाविसाव्या वर्षी बीगल जहाजावर जायची संधी आली. वडील नको म्हणाले, मामाने त्यांची समजूत काढली. १८३१ ते १८३६ अशी ती सफर झाली. पुढे १८३९ मध्ये त्याच मामाच्या मुलीशी, एमाशी, त्याचं लग्न झालं.

नंतर तब्येत बिघडली ती कायमचीच. उलट्या, धडधड, थकवा. म्हणून लंडनची गर्दी सोडून तो डाऊनला आला आणि दिवस आखून घेतला. सकाळी फेरफटका, नाश्ता. आठ ते साडेनऊ काम. मग तासभर पत्रं आणि कादंबरी ऐकणं. साडेदहा ते बारा पुन्हा काम, की मुख्य काम संपलं. मग बागेपलीकडच्या सँडवॉक या पायवाटेवर फेऱ्या, जेवण, वर्तमानपत्र, पत्रं, वामकुक्षी, परत फेरी. साडेचार ते साडेपाच शेवटचा तास. रात्री एमाबरोबर बॅकगॅमनचे दोन डाव. त्याचा हिशेबही तो ठेवायचा: १८७६ पर्यंत त्याने २७९५ डाव जिंकले होते, एमाने २४९०.

बेरीज केली तर काम चारच तास. एवढ्यातच त्याने बार्नॅकल या समुद्री जिवांवर आठ वर्षं काढली, ऑर्किडवर लिहिलं आणि १८८१ मध्ये गांडुळांवरचं पुस्तक दिलं. फेऱ्या मारताना डोकं मात्र चालूच असायचं.

अर्थात हे सगळ्यांना परवडणारं नाही. त्याला नोकरी करायची गरज नव्हती, घरात नोकरचाकर होते आणि एमा सगळं सांभाळत होती. शिवाय आयुष्याने त्यालाही सोडलं नाही. १८५१ मध्ये दहा वर्षांची ॲनी गेली. जून १८५८ मध्ये वॉलेसचं पत्र आलं. त्यानेही तोच सिद्धांत स्वतंत्रपणे मांडला होता. १ जुलैला लंडनला दोघांचे निबंध वाचले गेले, तेव्हा डार्विन तिथे नव्हता. तीनच दिवसांपूर्वी त्याचं धाकटं बाळ तापाने गेलं होतं. मग मात्र त्याने घाईने ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ लिहून काढलं. २४ नोव्हेंबर १८५९ ला ते बाहेर पडलं, तेव्हा हा जलोपचारासाठी इल्कलीला. एवढी घाई त्याच्या शरीराला झेपली नव्हती. १९ एप्रिल १८८२ ला तो गेला. त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरलं.

सँडवॉकवर फेऱ्या मोजायला तो वाटेवर दगड ठेवायचा आणि दर फेरीला एक लाथेने उडवायचा. माझ्या मुलानेही पाच खडे मांडले. तिसऱ्या फेरीला माझा फोन वाजला. मुलगा काही बोलला नाही, नुसता थांबून राहिला. मी फोन बंद केला, उरलेल्या दोन फेऱ्या पुऱ्या केल्या.

रात्री आईला हे सगळं फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "त्याला जेवण आयतं मिळत होतं रे!" खरंच आहे. तरी सोमवारपासून सकाळचे दोन तास मीटिंग घेत नाही, आणि संध्याकाळी सहानंतर लॅपटॉप उघडत नाही. स्वयंपाकाचे दोन दिवसही आता माझ्याकडे आलेत.