सर विश्वेश्वरय्या : पाण्याचा स्वभाव जाणणारे अभियंते

१५ सप्टेंबरला अभियंता दिन आला की आपण मुलांकडून विश्वेश्वरय्यांची जन्मतारीख आणि भारतरत्नाचं वर्ष (१९५५) पाठ करून घेतो. पण या माणसाने नेमकं केलं काय, हे विचारलं तर वर्गात शांतता पसरते. आपणही जरा गडबडतोच की!

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मूळचे कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचे. वडील लवकर गेले. शिकवण्या करून शिकले आणि म्हैसूरची शिष्यवृत्ती घेऊन पुण्याला अभियांत्रिकीसाठी आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. सुरुवातीलाच धुळे भागात पांझरेच्या पाण्याशी गाठ पडली. ऐन पावसाळ्यात नळ टाकायचं काम पुराने अडवलं. काम पुढे ढकलू का, असं त्यांनी विचारलं, ते वरिष्ठांना रुचलं नाही. शेवटी त्यांनी ते पुरं केलंच.

आता खडकवासला. पावसाळ्यात सांडव्यावरून भरपूर पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात तेच कमी पडायचं. मग सांडव्याची भिंतच उंच का नाही केली? मुलांना हा प्रश्न जरूर विचारा. भिंत उंच केली तर मोठ्या पुरात पाण्याला वाट उरत नाही, सगळा ताण धरणावर येतो. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये तिथे स्वयंचलित दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की दारं आपोआप उघडायची, पूर ओसरला की मिटायची. रात्री-अपरात्री माणसाने धावायला नको. धरण तेवढंच, साठा मात्र वाढला.

सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबादमध्ये हजारो माणसं गेली. निजाम सरकारने त्यांना बोलावलं. त्यांनी नुसतं शहर पाहिलं नाही, तर पाणी येतं तो वरचा सगळा मुलूख, तिथला पाऊस, फुटलेले तलाव यांचा हिशेब मांडला. शहरात पोचण्याआधीच पूर वर अडवायचा, असं ठरलं. त्यातून मुसीवर उस्मानसागर आणि ईसी नदीवर हिमायतसागर उभे राहिले.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. तो लोंढा खडकवासल्यालाही पेलला नाही, आणि पुणं बुडालं. विश्वेश्वरय्या तेव्हा हयात होते, शंभरीच्या घरात. पुढच्या वर्षी १४ एप्रिलला ते गेले.