विश्लेषण : चाचणीच चुकली, रुग्ण नव्हे… मनोविकारतज्ज्ञ फ्रान्झ फॅनन यांना अल्जीरियात काय उमगले?

मानसशास्त्रज्ञाची पदवी एकदा मिळाली की काम संपत नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत परवाना टिकवण्यासाठी ठरावीक तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. भारतातही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण करताना प्रशिक्षणाचे गुण दाखवावे लागतात. रुग्णाची भाषा, धर्म आणि घरची रीत समजून न घेता त्याच्यावर उपचार करता येतात का, हा अशा प्रशिक्षणातला एक महत्त्वाचा विषय. या प्रश्नाला सुमारे ७० वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टरने थेट वॉर्डात तोंड दिले होते. राजकारणाच्या विद्यार्थ्यांना ते क्रांतिकारक विचारवंत म्हणून ठाऊक आहेत. पण फ्रान्झ फॅनन पोटापाण्यासाठी मनोविकारतज्ज्ञ होते.

कोण होते फॅनन?

फॅनन यांचा जन्म २० जुलै १९२५ रोजी कॅरेबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच वसाहतीत झाला. कवी एमे सेझेर त्यांच्या शाळेत शिक्षक होते. दुसऱ्या महायुद्धात फॅनन फ्रान्सच्या बाजूने लढले, जखमी झाले, त्यांना शौर्यपदकही मिळाले. मात्र ज्या देशासाठी रक्त सांडले, तिथे आपली ओळख आधी कातडीच्या रंगावरून ठरते, हेही त्यांनी याच काळात अनुभवले. पुढे लियॉनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेताना वर्णभेदाच्या मानसिक परिणामांवरचे लिखाण त्यांनी प्रबंध म्हणून द्यायचे ठरवले, पण ते स्वीकारले गेले नाही. मग त्यांनी मज्जासंस्थेच्या एका आनुवंशिक आजारावर रीतसर प्रबंध लिहिला आणि १९५१ मध्ये पदवी घेतली. नाकारलेले लिखाण पुढच्याच वर्षी पुस्तकरूपात आले. ‘ब्लॅक स्किन, व्हाइट मास्क्स’ या नावाने ते आज जगभर वाचले जाते.

त्याच वर्षी त्यांनी फ्रान्समधील उत्तर आफ्रिकी मजुरांबद्दल एक लेख लिहिला. हे मजूर अंग दुखते म्हणून दवाखान्यात येत, नेमके कुठे ते सांगू शकत नसत आणि डॉक्टर त्यांना ढोंगी ठरवून मोकळे होत. घर, बायको-मुले, देश सगळे मागे टाकून आलेल्या माणसाचे दुखणे एका अवयवात कसे सापडणार, असा फॅनन यांचा मुद्दा होता.

ब्लिदाच्या वॉर्डात काय घडले?

नोव्हेंबर १९५३ मध्ये फॅनन अल्जीरियातील ब्लिदा-जॉइनव्हिल मनोरुग्णालयात रुजू झाले. तिथे त्या काळी अल्जियर्सच्या मनोविकारतज्ज्ञांचा दबदबा होता. उत्तर आफ्रिकी माणूस जन्मतःच आवेगी, हिंसक आणि अप्रगत बुद्धीचा असतो, असे हे तज्ज्ञ शास्त्र म्हणून शिकवत. फॅनन यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष रुग्ण सोपवण्यात आले.

फ्रान्समधील सेंट आल्बाँ रुग्णालयात ते एक पद्धत शिकून आले होते : रुग्णांना कोंडून न ठेवता वॉर्डालाच छोट्या समाजाचे रूप द्यायचे. सभा, सण, सिनेमा, गाणी, हस्तकला आणि रुग्णांचे स्वतःचे वृत्तपत्र. स्त्रियांच्या वॉर्डात हे काही महिन्यांत रुजले. पुरुषांच्या वॉर्डात मात्र सपशेल फसले.

इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये रीडिंग चुकले की आधी मीटर तपासायचा, हे पहिल्या वर्षी शिकवतात. अल्जियर्सचे तज्ज्ञ रुग्णालाच दोष देऊन मोकळे झाले असते. फॅनन आणि त्यांचे सहकारी जॅक अझुले यांनी मीटर तपासला आणि १९५४ मध्ये आपल्या चुका लेख लिहून जाहीर केल्या. बहुतेक रुग्णांना वाचता येत नव्हते, तेव्हा वृत्तपत्र कोणासाठी? विणकाम त्यांच्या लेखी बायकांचे काम, शेतातले काम दिले तर हात चालत. चारचौघांत गाणे-नाचणे हे घरंदाज पुरुषाचे लक्षण नव्हते, कथा सांगायला गावोगाव फिरणारे कथेकरी असत. फॅनन यांना अरबी किंवा कबाइल भाषा येत नव्हती, म्हणून दुभाषा मध्ये बसे. पण या माणसांनी दुभाषा आजवर कोर्टात आणि सरकारी कचेरीतच पाहिलेला होता. त्याच्यासमोर मन कोण मोकळे करणार?

मग वॉर्डात स्थानिक पद्धतीचे कॉफीगृह उघडले, मुस्लिम सण साजरे होऊ लागले, कथेकरी येऊ लागले.

दोन वर्षांनी याच प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. चित्र दाखवून त्यावर गोष्ट सांगायला लावणारी टीएटी ही अमेरिकी चाचणी त्यांनी मुस्लिम स्त्रियांवर करून पाहिली. युरोपीय घरे, युरोपीय वस्तू असलेली ती चित्रे पाहून स्त्रिया अडखळत राहिल्या. या चाचणीत एक कार्ड पूर्ण कोरे असते. ते हाती दिल्यावर मात्र याच स्त्रियांनी भरभरून गोष्टी सांगितल्या. कल्पनाशक्ती कमी आहे, हा निष्कर्ष तिथेच गळून पडला.

एकाच आवारात पोलीस आणि पीडित

नोव्हेंबर १९५४ मध्ये अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध पेटले आणि प्रश्न केवळ संस्कृतीचा राहिला नाही. फॅनन यांच्याकडे छळ सोसलेले अल्जीरियन येत आणि छळ करणारे फ्रेंच पोलीसही. एक युरोपीय पोलीस रात्री किंकाळ्या ऐकू येतात म्हणून उपचार घेत होता. एकदा तो फॅनन यांची वाट पाहून रुग्णालयाच्या आवारात फिरायला गेला आणि समोर आला तो त्यानेच चौकशीत छळलेला माणूस, तोही इथलाच रुग्ण. पोलीस झाडाला टेकून थरथरत होता. दुसरा रुग्ण स्वच्छतागृहात आत्महत्येच्या प्रयत्नात सापडला. पोलीस आपल्याला परत न्यायला आलेत, असे त्याला वाटले होते. तो भास होता, पोलीस इथे येऊच शकत नाहीत, असे त्याला पटवायला बराच वेळ लागला. म्हणजे जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना रुग्णाशी खोटे बोलावे लागले. कोणत्याही आचारसंहितेत याचे सोपे उत्तर नाही.

दुसऱ्या एका पोलीस अधिकाऱ्याची मागणी त्याहून भयंकर होती. तो घरी बायको-मुलांना मारू लागला होता, पण नोकरी सोडायची नव्हती. मन न खाता छळ करता यावा, यासाठी त्याला उपचार हवे होते.

राजीनामा का दिला?

१९५६ च्या अखेरीस फॅनन यांनी पद सोडले. माणसाला त्याच्या भवतालात परका वाटू नये हे मनोविकारशास्त्राचे काम, आणि इथे तर अख्ख्या जनतेला तिच्याच देशात परके केले गेले आहे, असा त्यांच्या राजीनाम्याचा आशय होता. जानेवारी १९५७ मध्ये त्यांची हकालपट्टी झाली. ट्युनिसमध्ये त्यांनी स्वातंत्र्यलढ्याचे काम आणि दवाखाना दोन्ही चालवले. दिवसा उपचार घेऊन रुग्ण संध्याकाळी घरी परततील, असे केंद्र तिथे सुरू केले.

त्यांना संत करून ठेवण्यात अर्थ नाही. विजेचे झटके आणि इन्शुलिन कोमा हे त्या काळचे उपचार तेही वापरत. हिंसेबद्दलच्या त्यांच्या मतांवर आजही कडाडून वाद होतो. आणि दुभाषाची अडचण नेमकी ओळखणारा हा डॉक्टर शेवटपर्यंत बऱ्याच अंशी दुभाषावरच अवलंबून राहिला.

अमेरिकी मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये रुग्णाला त्याचा त्रास त्याच्याच शब्दांत विचारण्यासाठी १६ प्रश्नांची मुलाखत देण्यात आली. फॅनन यांना तेवढे आयुष्य मिळाले नाही. ६ डिसेंबर १९६१ रोजी अमेरिकेतील मेरिलँडमध्ये ल्युकेमियाने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. इच्छेनुसार त्यांना अल्जीरियाच्या मातीत पुरण्यात आले. सात महिन्यांनी देश स्वतंत्र झाला. ब्लिदाच्या रुग्णालयाला आता त्यांचेच नाव आहे.