विश्लेषण : रुग्णाचा अनुभव डॉक्टर घडवतो का? कल्याणच्या आनंदीबाईंची कहाणी काय सांगते?

एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षापासूनच काही कुटुंबे दत्तक घ्यावीत आणि त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करावा, असा उपक्रम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये अभ्यासक्रमात आणला. आजार केवळ पुस्तकातून कळत नाही, तो रुग्णाच्या घरातूनही समजून घ्यावा लागतो. कल्याणच्या एका मुलीला ही गोष्ट १४व्या वर्षी, फार मोठी किंमत मोजून कळली होती. तिचे नाव आनंदीबाई जोशी.

डॉक्टर होण्याचा निर्णय का घेतला?

आनंदीबाई कल्याणच्या जोशी कुटुंबातल्या. जन्म ३१ मार्च १८६५, माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न टपाल खात्यात नोकरीला असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर आणि वयाने बरेच मोठे होते. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. १४व्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. उपचारांअभावी तो दहा दिवसांतच दगावला. त्या काळी अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरसमोर जायला तयार नसत आणि स्त्री डॉक्टर जवळपास नव्हत्याच. त्यामुळे बाळंतीण आणि बाळ दोघेही उपचारांविना राहत. आनंदीबाईंनी ही उणीव रुग्ण म्हणून, आई म्हणून सोसली होती.

अमेरिकेला जाणे कसे जमले?

पत्नीच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी एका अमेरिकी मिशनऱ्याला पत्र लिहिले. ते तिथल्या एका नियतकालिकात छापून आले. न्यू जर्सीतील थिओडिशिया कार्पेंटर यांनी ते दाताच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना वाचले आणि मदतीचा हात पुढे केला. परदेशगमनाला विरोध होताच. १८८३मध्ये आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूर कॉलेजात जाहीर भाषण करून आपली बाजू मांडली. भारताला स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि आपण धर्म न सोडता परत येऊ, हे त्यांनी ठामपणे सांगितले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या कोलकात्याहून बोटीने निघाल्या. गोपाळराव तेव्हा सोबत नव्हते.

प्रबंधाचा विषय कोणता होता?

फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. प्रबंधासाठी त्यांनी निवडलेला विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्यात त्यांनी संस्कृत वैद्यकग्रंथ आणि अमेरिकी पाठ्यपुस्तके या दोन्हींचा आधार घेतला. जिथे स्वतःचे मूल गमावले, तोच विषय त्यांनी अभ्यासाला घेतला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक ठरल्या.

पुढे काय झाले?

कोल्हापूर संस्थानाने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची जबाबदारी देऊ केली. मात्र अमेरिकेतच त्यांची प्रकृती ढासळली होती. आजार क्षयाचा होता. क्षयाचा जंतू १८८२मध्ये सापडला होता, पण त्यावर गुणकारी औषध यायला १९४०चे दशक उजाडावे लागले. १८८६च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची २२ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरच्या त्या विभागात त्या रुजू होऊ शकल्या नाहीत.

आज याचे महत्त्व काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३च्या जागतिक रुग्णसुरक्षा दिनासाठी रुग्णांचा सहभाग हाच विषय निवडला होता. भारतातही २०१९पासून एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना रुग्णाशी कसे बोलावे, वागावे, हे अभ्यासक्रमातच शिकवले जाते. पण अनुभव सांगणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला आनंदीबाईंसारखे स्वतः डॉक्टर होणे शक्य नसते आणि तशी वेळ येऊही नये. कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या आरोग्य केंद्रात रांगेत बसलेल्या बाईला काय अडचण आली, हे तिथल्या डॉक्टरने आणि शिकाऊ विद्यार्थ्याने विचारले, ऐकून घेतले आणि त्यानुसार एखादी पद्धत बदलली, तर ते तिच्या घरापर्यंत पोहोचेल. आनंदीबाईंना जी उणीव भरून काढायची होती, ती अशीच कमी होऊ शकते.